हार्ड डिस्क दिसत नाही म्हणून लगेच फॉरमॅट मारू नका

प्रश्न : नमस्कार दादा, मी कणकवलीहून लिहितेय. आमच्याकडे २०१३ मधे असेंबल करून घेतलेला पीसी आहे, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. गेले पंधरा दिवस रोज सकाळी चालू केला की काळ्या स्क्रीनवर 'रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' असं येतं, मग कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून दोनतीनदा रिस्टार्ट केला की सुरू होतो आणि दिवसभर काही त्रास नाही. तारीखही रोज मागे जाऊन २०१३ ची झालेली असते. रात्री आम्ही भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करतो. रिपेअरवाले म्हणतात डिस्क गेली, नवीन टाकून फॉरमॅट मारून देतो. शेजारचा मुलगा म्हणतो डिस्क रात्रभर फ्रीजरमधे ठेवा. त्यात बाबांनी जत्रांमधे काढलेले दशावताराचे फोटो आहेत, स्कॅन करून ठेवलेले, मूळ प्रिंट पावसात गेल्या. दुसरी कॉपी कुठेच नाही. काय करू?

उत्तर : ताई, आत्ता पीसी चालू असेल तर पुढचं वाचायच्या आधी एक बाहेरची डिस्क नाहीतर मोठा पेनड्राइव्ह लावा आणि फोटोंचा फोल्डर कॉपीला टाका. पीसी बंद करू नका, बाकी काही उघडू नका, फक्त फोटो. माझ्या आईच्या आवाजातल्या ओव्या अशाच एका डिस्कमधे होत्या आणि दुकानात देताना मी फक्त 'चालू होत नाहीये' एवढंच सांगितलं, परत आला तेव्हा पीसी मस्त चालू होता आणि डिस्क कोरी होती. म्हणून आधी फोटो, मग पीसी.

कॉपी झाली? आता बघू. तुमच्या पत्रातच बरंच उत्तर आहे. तारीख मागे जाते म्हणजे मदरबोर्डवरचा बटण सेल संपलाय, सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. बायोसची (विंडोजच्या आधी सुरू होऊन मशीन तपासणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) सेटिंग आणि घड्याळ त्या सेलवर टिकतं, पण भिंतीवरच्या बोर्डाचं बटण चालू असेल तर एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधला वीज देणारा डबा) थोडा करंट येत राहतो आणि सेल मेला तरी कळत नाही, तुम्ही रात्री बटण बंद करता म्हणून सकाळी मशीन सगळं विसरून उठतं. मग कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं, डिस्कसाठी किती थांबायचं हे सगळं मूळ सेटिंगवर जातं.

पण नुसता सेल गेला असता तर रिस्टार्ट करून डिस्क दिसली नसती, सेटिंग चुकलेलीच राहिली असती. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबल्यावर डिस्क दिसते ह्याचा अर्थ मला असा वाटतो की डिस्क फिरायला वेळ लावतेय. आतल्या तबकड्या थांबलेल्या अवस्थेतून पूर्ण वेगात यायला काही सेकंद लागतात, जुनी डिस्क सकाळी जास्त वेळ घेते, बायोस विचारून मोकळा होतो, उत्तर आलं नाही की म्हणतो डिस्क नाहीच. रिस्टार्टमधे वीज तुटत नाही, तबकड्या फिरत्याच असतात, म्हणून दुसऱ्यातिसऱ्यांदा सापडते. उद्या सकाळी मेसेज आला की लगेच रिस्टार्ट न करता अर्धा मिनिट नुसतं थांबा आणि मग एकदाच करून बघा. एका झटक्यात सुरू झाला तर हेच आहे.

आता उघडायचं कसं. बोर्डाचं बटण बंद, मागची वायर काढा, समोरचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जाईल. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मग आत हात घाला. सेल बदला. मग डिस्कला दोन वायरी असतात, अरुंद ती डेटाची साटा केबल आणि रुंद ती पॉवरची, दोन्ही काढून परत घट्ट बसवा, तुमच्याकडच्या दमट हवेत पिनांवर काळपट थर चढतो आणि काढून लावण्यानेच पुष्कळदा काम होतं. जुन्या साटा केबलना लॉकची पट्टी नसते, त्या सैल होतात, एखादी दुसरी केबल मिळाली तर तीच लावा आणि मदरबोर्डवरचं दुसरं पोर्ट वापरून बघा. मदरबोर्डवर कपॅसिटर (छोटे उभे डबीसारखे भाग) फुगलेले दिसले तर त्यांचा फोटो काढून ठेवा आणि जाणकाराला दाखवा. एसएमपीएसचा डबा मात्र अजिबात उघडू नका, वायर काढली तरी आत जोराचा झटका बसण्याएवढा चार्ज असतो.

परत चालू करून डिलीट दाबत बायोसमधे जा. तारीख लावा, बूट ऑर्डरमधे हार्ड डिस्क वर घ्या, फास्ट बूट किंवा क्विक बूट असेल तर बंद करा म्हणजे डिस्कला थोडा जास्त वेळ मिळेल. डिस्कशी कसं बोलायचं ते ठरवणाऱ्या साटा मोडला (आयडीई किंवा एएचसीआय) शक्यतो हात लावू नका, पण सेल बदलल्यावर डिस्क बायोसमधे दिसतेय आणि विंडोज मात्र निळ्या स्क्रीनवर अडकतंय असं झालं तर एकदा तो मोड बदलून बघा. बायोसला डिस्क दिसते का, हा एक प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा. दिसत नसेल तर वायर, वीज नाहीतर डिस्क. दिसत असेल आणि तरी सुरू होत नसेल तर बहुतेक विंडोजची गडबड, आणि तुमचे फोटो तिथेच शाबूत असण्याची शक्यता चांगली.

फ्रीजरचं कृपा करून करू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि वाचणारं हेड तबकडीपासून केसापेक्षा कितीतरी कमी उंचीवर तरंगत असतं, पाण्याचा एक थेंब म्हणजे ओरखडा. आणि डिस्कमधून एका लयीत टक-टक आवाज यायला लागला तर तिथल्या तिथे बंद करायचं, 'अजून एकदा बघू' नाही. कॉपी झाली नसेल आणि असा आवाज असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्या, खर्च बराच येतो, पण दशावताराचे ते फोटो दुसरीकडे कुठेच नाहीत. चेक डिस्क, डीफ्रॅग हे विंडोजमधले डिस्क तपासायचे, आवरायचे प्रोग्राम पण आत्ता नको, मरत्या डिस्कवर ते अजून लिहितात.

सेल बदलून, केबल बदलून पंधरा दिवस नीट चालला तरी ह्या डिस्कवर आता विश्वास ठेवू नका. नवी एसएसडी (फिरत्या तबकड्या नसलेली डिस्क) घ्या, ही जपून ठेवा, फॉरमॅट करू नका. दुकानात द्यायची वेळ आलीच तर डिस्क काढून घरी ठेवा आणि फक्त कॅबिनेट द्या.

प्रश्न : पुण्याहून, इंजिनिअरिंगला आहे. अकराव्या जनरेशनचा इंटेल लॅपटॉप, नवी एनव्हीएमई एसएसडी (थेट मदरबोर्डवर बसते ती) टाकली. बायोसमधे दिसते पण विंडोज इन्स्टॉल करताना ड्राइव्हच सापडत नाही म्हणतो. डिस्क खराब आली का?

उत्तर : नाही रे, बायोसला दिसतेय ना, मग बहुतेक ठीक आहे. अकराव्या जनरेशनपासूनच्या इंटेल लॅपटॉपमधे व्हीएमडी नावाची, डिस्क सांभाळणारी सेटिंग चालू असते, तिचा ड्रायव्हर (ती विंडोजला ओळखता यावी म्हणून लागणारा प्रोग्राम) विंडोजच्या सेटअपमधे नसला की ड्राइव्ह दिसत नाही. नवी कोरी डिस्क आहे, तर बायोसमधे व्हीएमडी बंद करून बघ. ते सापडत नसेल तर लॅपटॉप कंपनीच्या सपोर्ट पेजवरून तुझ्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर (व्हीएमडीचा तोच) घे, पेनड्राइव्हवर टाक आणि सेटअपमधे 'लोड ड्रायव्हर' दाब. एक्सई फाइल तशीच टाकलीस तर सेटअपला काही सापडणार नाही, ती आधी उघडून आतला आयएनएफ फाइल असलेला फोल्डर कॉपी करावा लागतो.