हर्षवायू : आनंद की विकार?

‘हर्षवायू’ हा शब्द ‘अतिशय आनंद’ या अर्थाने सरसकट वापरता येतो का, आणि ‘हर्षोन्माद’ हा त्याचा पर्याय मानावा का, असा प्रश्न आहे. माझ्या मते पहिल्याचे उत्तर ‘सरसकट नाही’ असे आहे, आणि त्याचे कारण शब्दाच्या उत्तरपदात आहे.

येथील वायू म्हणजे हवा नव्हे, तर आयुर्वेदातील वात हा दोष होय. अर्धांगवायू, धनुर्वात, कंपवात या नावांत तोच आहे, आणि तापात माणूस असंबद्ध बरळू लागला की त्याला ‘वात झाला’ असे म्हणण्याची रीतही त्याच समजुतीतून आली आहे. त्यामुळे हर्षवायू म्हणजे आनंदाने जडलेला वातविकार, ज्यात माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटतो.

पूर्वपदही वाटते तितके निरुपद्रवी नाही. ‘हृष्’ या संस्कृत धातूला आनंदित होणे याबरोबरच अंगावर काटा येणे असाही अर्थ आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाला ‘रोमहर्ष’ होतो तो विषादाने, आनंदाने नव्हे. आयुर्वेदात दात शिवशिवण्याला दंतहर्ष आणि पायांना मुंग्या येण्याला पादहर्ष म्हणतात. म्हणजे हर्ष हा मुळातच शरीरावर उमटणारा भाव आहे. समाधान किंवा तृप्ती यांसारखा आतल्या आत राहणारा नव्हे.

मराठीने हे मूळ वापरात चांगले जपले आहे. आनंद वाटतो, घेता येतो, देता येतो आणि थोडा किंवा पुष्कळही असतो. हर्षवायू मात्र फक्त ‘होतो’, आणि तोही एखाद्या आजारासारखा माणसाला गाठतो. ‘मला हर्षवायू वाटला’ हे मराठी नव्हे, आणि ‘थोडासा हर्षवायू’ म्हटले तर ती थट्टाच ठरते. ‘निकाल ऐकून त्याला हर्षवायू व्हायचाच बाकी होता’ किंवा ‘एवढ्याशा कौतुकाने हर्षवायू होण्यासारखे काय आहे?’ या वाक्यांत बोलणाऱ्याचे किंचित हसू ऐकू येते, आणि शब्दाची खरी गोडी तेथेच आहे. स्वतःबद्दल तो वापरता येतो, पण थोडी स्वतःचीच चेष्टा करीत. औपचारिक पत्रात ‘आपल्या निवडीने आम्हांस हर्षवायू झाला’ असे लिहिल्यास अभिनंदनापेक्षा करमणूकच अधिक होईल; तेथे ‘अत्यंत हर्ष झाला’ एवढे पुरे.

हर्षोन्मादाचे तसे नाही. त्यातही वेडाची कल्पना आहे, कारण उन्माद म्हणजे वेडच. परंतु हा शब्द ग्रांथिक आणि गंभीर असून विजयी जमावाच्या वर्णनात शोभतो. हर्षवायू प्रायः एकट्यादुकट्याला होतो. निव्वळ आनंदाची परिसीमाच सांगायची असेल, तर हर्षातिरेक किंवा आनंदातिरेक हे शब्द निर्वेध आहेत.

लेखनाविषयी एवढेच, की मराठीच्या प्रचलित नियमांनुसार शेवटचा ‘यू’ दीर्घ लिहावा : हर्षवायू, हर्षवायूने. ‘वायु’ हे पूर्वपद असलेल्या ‘वायुदल’सारख्या सामासिक शब्दांत मात्र तो ऱ्हस्व राहतो.