कोल्हा व्हायचं, पण कोणता?

प्रिय,

तुझं पत्र वाचलं. सहकाऱ्याने गोड बोलून तुझं काम स्वतःच्या नावावर खपवलं, आणि आता तू म्हणतेस, यापुढे मीही कोल्हा होणार. हो की! पण गोष्टीतला की रानातला?

गोष्टीतला कोल्हा कावळ्याच्या गळ्याची तारीफ करतो, कावळा तोंड उघडतो आणि चोचीतला तुकडा खाली. गोष्ट तिथेच संपते, म्हणून कोल्हा हुशार ठरतो. दुसऱ्या दिवशी तो त्याच झाडाखाली गेला असता तर? आपल्याला रोज त्याच झाडाखाली जावं लागतं, त्याच कावळ्यांसमोर. कावेबाजपणाने कधीच फायदा होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. पंचतंत्रातल्या दमनक नावाच्या कोल्ह्याने सिंह आणि बैलाच्या मैत्रीत विष कालवलं, बैल जिवानिशी गेला, आणि दमनकाचं काहीच बिघडलं नाही. असे दमनक तुलाही भेटतील, बढती घेताना दिसतील.

रानातला कोल्हा वेगळा. बर्फाखाली उंदीर असेल तर तो कान टवकारून, मान जरा कलती करून उभा राहतो. हलत नाही. आवाज नेमका कुठून येतोय हे कळलं की उंच उडी घेतो आणि पुढच्या पायांवर थेट भक्ष्यावर उतरतो. अशा कितीतरी उड्या फुकट जातात. उंदीर, किडे, फळं, मिळेल त्यावर भागवत हा प्राणी आर्क्टिकपासून लंडनच्या गल्ल्यांपर्यंत टिकून आहे. त्याची खरी हुशारी कानात आहे.

मॅकियाव्हेली या इटालियन राजकीय विचारवंताने राज्यकर्त्याला सांगितलं होतं, लांडग्यांना धाक बसवायला सिंह हो आणि सापळे ओळखायला कोल्हा. (पुढे तो दिलेला शब्द मोडायचीही मुभा देतो, तिथे माझं त्याच्याशी जमत नाही.) तू सापळे ओळखण्यापुरती कोल्हा हो. ‘हे तुझ्याशिवाय कुणाला जमणार?’ असं कुणी म्हणालं की लगेच फुलून जाऊ नकोस, पुढच्या वाक्यात काय मागितलं जातंय ते ऐक. ‘उद्या सांगते’ म्हणायला काही पडत नाही. बोलणं झालं की कोण काय करणार ते त्याच संध्याकाळी दोन ओळींत मेल करून टाक, वरिष्ठांना प्रत ठेवून. यात फसवणूक नाही, आणि पुढच्या वेळी कामावर कुणाचं नाव यावर वादही नाही.

घरी मात्र हे चालवू नकोस. रानातल्या कोल्ह्याचंही घर असतं: पिल्लं लहान असताना मादी बिळात थांबते आणि नर तिच्यासाठी तोंडात भक्ष्य घेऊन येतो; कधी आधीच्या वर्षीची लेक धाकट्या भावंडांना भरवते. तिथे कुणी कुणावर कान लावून बसत नाही. तुझ्या बहिणीने फोन उशिरा उचलला, तर त्यामागे डाव शोधू नकोस.

त्या सहकाऱ्याला जे उत्तर लिहिलं आहेस ते अजून पाठवू नकोस. तिसरा परिच्छेद रागाचा आहे, तो काढ, आणि तारखा घालून मला परत दाखव.

तुझा,
सर