जिवाणू खत वापरूनही फरक का पडत नाही आणि रासायनिक खत नेमकं किती कमी करावं?

प्रश्न दोन आहेत. सोयाबीन आणि हरभऱ्याला पाकिटातलं जिवाणू संवर्धक लावूनही काही जाणवलं नाही, ते का? आणि त्याच्या भरवशावर युरिया-डीएपी किती कमी करावं? पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याचं देऊन उपयोग नाही, कारण मेलेल्या जिवाणूंच्या भरवशावर खत कमी केलं तर फक्त उत्पन्न कमी होतं.

फरक न दिसण्याची कारणं बहुतेक वेळा तीनच असतात: जिवाणू मुळापर्यंत जिवंत पोहोचले नाहीत, चुकीच्या पिकाचे होते, किंवा जमिनीत त्यांना कामच नव्हतं.

चुकीच्या पिकाचं आधी बघा. पाकिटावर नुसतं 'रायझोबियम' (कडधान्याच्या मुळांवर गाठी करून हवेतला नत्र, म्हणजे नायट्रोजन, बांधणारे जिवाणू) लिहिलेलं असेल तर घेऊ नका, पीक लिहिलेलं हवं. सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम लागतो, हरभऱ्याला मेसोरायझोबियम सिसेरी. एकाचा दुसऱ्याला चालत नाही, गाठीच धरत नाहीत. मूग, उडीद, चवळी, तूर, भुईमूग यांचा मात्र एक गट धरतात. पावडरीत प्रति ग्रॅम किमान ५ कोटी जिवंत पेशी असायला हव्यात. मुदत साधारण पावडरीची ६ महिने, द्रवरूपाची वर्षभर किंवा जास्त, पण ती सावलीत, थंड जागी ठेवलं तरच. उन्हात तापलेल्या पत्र्याखाली पडून राहिलेल्या पाकिटावर मुदत शिल्लक असली तरी आत काही शिल्लक नसतं.

बीजप्रक्रियेत सगळ्यात जास्त नुकसान क्रम चुकल्याने होतं. आधी बुरशीनाशक, ते सुकल्यावर कीटकनाशक, आणि जिवाणू अगदी शेवटी, पेरणीच्या तोंडावर. तिन्ही एकाच घमेल्यात कालवले तर जिवाणू तिथेच संपले. तांबेयुक्त बुरशीनाशक लावलेल्या बियाण्यावर जिवाणू लावूच नका. त्याऐवजी संवर्धक चाळलेल्या शेणखतातून सरीत द्या, एकरी २ किलो संवर्धक आणि ५० ते १०० किलो ओलसर शेणखत.

१० किलो हरभऱ्याला २५० ग्रॅम पावडर घ्या. ३०० मिली पाण्यात ३० ग्रॅम गूळ टाकून उकळा, पूर्ण गार होऊ द्या, मग पावडर मिसळा. कोमट द्रावणात घाई करू नका. नळाचं क्लोरीनचं पाणी असेल तर रात्रभर उघडं ठेवलेलं वापरा. ताडपत्रीवर बी पसरून हलक्या हाताने चोळा, सावलीत अर्धा-पाऊण तास सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. सोयाबीनचं साल पातळ असतं, जास्त पाण्याने फुगतं आणि सुटतं, उगवण घटते. त्याला द्रवरूपच बरं, १० किलोला १०० मिली. कोरड्या, तापलेल्या मातीत पेरलं तर एवढी मेहनत वाया जाते. वाफसा, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी स्थिती, हवाच. पेरणीयंत्राच्या एकाच कप्प्यात खत आणि प्रक्रिया केलेलं बी एकत्र टाकू नका.

आता काम नसण्याबद्दल, कारण याकडे फारसं कुणी बघत नाही. झाडाला मातीत आयता नत्र मिळाला की ते गाठी पोसत नाही, कारण गाठींना साखर पुरवणं झाडाला महाग पडतं. म्हणून कडधान्याला पेरणीला एकरी ८ ते १० किलो नत्र पुरे. डीएपीच्या ५० किलोच्या एका गोणीत ९ किलो नत्र येतोच. वरून युरिया टाकला की रायझोबियम लावणं व्यर्थ. स्फुरद (फॉस्फरस) मात्र तोडू नका, गाठींना तो भरपूर लागतो. सामू (पीएच) ५.५ च्या खाली असेल तर आधी चुना, मग जिवाणू. पाणी साचलेल्या रानात हवेअभावी गाठी बसत नाहीत. आणि त्याच रानात गेल्या तीन-चार वर्षांत तेच पीक होऊन गाठी भरघोस आल्या असतील, तर स्थानिक जिवाणू आधीच आहेत, फरक थोडाच दिसणार. खरा फरक पहिल्यांदाच सोयाबीन घेतलेल्या रानात दिसतो.

गहू, ज्वारी, मका यांना अॅझोटोबॅक्टर किंवा अॅझोस्पिरिलम हे गाठी न करता नत्र बांधणारे जिवाणू देतात. त्यांच्याकडून फार अपेक्षा नको. सगळं जुळून आलं तर एकरी ६ ते ८ किलो नत्र, म्हणजे जेमतेम १३ ते १७ किलो युरिया. सेंद्रिय कर्ब कमी असेल तर तेवढाही नाही, कारण या जिवाणूंना खायला कर्ब लागतो. पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू, हे खत स्फुरद तयार करत नाही, मातीत चुन्याशी बांधला गेलेला स्फुरद सेंद्रिय आम्लं सोडून मोकळा करतो. मातीत एकूण साठाच तुटपुंजा असेल तर सोडवायला काही नाही. पहिल्या वर्षी नत्र-स्फुरद २० ते २५ टक्क्यांहून जास्त कमी करू नका, तेही अर्ध्या रानात. पिकाच्या दोन-चार ओळी पूर्ण मात्रेच्या ठेवा आणि काढणीला वेगवेगळं वजन करा. नुसत्या हिरवेपणावर निर्णय घेऊ नका.

गूळ-पाण्याच्या ड्रममध्ये पाकीट वाढवून शंभर एकर करण्याचा सल्ला फिरत असतो. रायझोबियमसाठी तो अजिबात ऐकू नका. ब्रॅडीरायझोबियम एकाचे दोन व्हायला कित्येक तास घेतो, हवेतले-पाण्यातले ऐरेगैरे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात. चार दिवसांनी ड्रमला वास येतो तो त्यांचाच.

पेरणीनंतर ३५ ते ४० दिवसांनी दहा-बारा झाडं कुदळीने मातीसकट काढा, उपटू नका, गाठी तुटून मातीत राहतात. मुळं बादलीत हलवून धुवा. मुख्य मुळाच्या वरच्या भागात गाठींचा घोस असेल तर बीजप्रक्रिया लागू पडली. फक्त बाजूच्या बारीक मुळांवर तुरळक असतील तर त्या बहुधा रानातल्याच जिवाणूंच्या. गाठ ब्लेडने कापा. आत गुलाबी-लाल म्हणजे नत्र बांधला जातोय, पांढरी म्हणजे गाठ आहे पण काम नाही, हिरवट-तपकिरी म्हणजे संपलेली. बहुतेक झाडं बिनगाठीची किंवा पांढऱ्या गाठींची निघाली आणि पानंही फिकट असतील, तर या हंगामात जिवाणूंची वाट बघू नका, लगेच ओल बघून एकरी १० किलोच्या आसपास नत्र द्या.