यूएफमधून शिसं कसं निसटतं आणि इतर प्रश्न

पाण्यातल्या जड धातूंवर बरेच प्रश्न आलेत. सगळे छापणं शक्य नाही, सारखे सारखे होते ते एकत्र करून घेतलेत.

प्रश्न : आमच्या बोअरच्या पाण्याच्या रिपोर्टमध्ये शिसं लिमिटच्या वर आलंय. घरी यूएफचा (अल्ट्राफिल्ट्रेशनचा) फिल्टर आहे, ०.०१ मायक्रॉनच्या भोकांचा. विकणारा म्हणाला यातून बॅक्टेरिया जात नाही तर धातू कुठून जाणार. पाणी पण एकदम स्वच्छ येतं. मग काळजी करायची का?

करायची. बॅक्टेरियाबद्दल तो खरं बोलला, तो साधारण १ मायक्रॉनच्या आसपास असतो त्यामुळे अडकतो. पण ०.०१ मायक्रॉन म्हणजे १० नॅनोमीटर, आणि विरघळलेल्या शिशाचा आयन (विद्युतभार असलेला अणू) भोवती पाण्याच्या रेणूंचं वेष्टण घेऊनसुद्धा १ नॅनोमीटरच्या आत बसतो, म्हणजे त्याच्यासाठी ते भोक नाही, दरवाजा आहे. पाणी स्वच्छ दिसण्याचा तर काही संबंधच नाही, विरघळलेलं शिसं ना दिसतं ना चवीला कळतं.

एक गोष्ट मात्र बघून घ्या. जुन्या पाइपातून किंवा जोडणीतून शिशाचे बारीक कण सुटत असतील, किंवा गंजाच्या कणांना शिसं चिकटून येत असेल, तर तेवढं यूएफ पकडतो. म्हणून लॅबला सांगून दोन आकडे मागा, एकूण शिसं आणि ०.४५ मायक्रॉनमधून गाळल्यानंतर उरलेलं विरघळलेलं शिसं. दोन्हीत मोठा फरक असेल तर पाइपकडे बघा, जवळजवळ सारखेच असतील तर यूएफच्या भरवशावर राहू नका.

विरघळलेल्यासाठी नॅनोफिल्टर किंवा आरओच (रिव्हर्स ऑस्मोसिस). नॅनोफिल्टरची भोकं १ नॅनोमीटरच्या आसपास असतात आणि वर मेम्ब्रेनच्या (गाळणाऱ्या पडद्याच्या) पृष्ठभागावर बहुतेक वेळा ऋण भार असतो, त्यामुळे तिथे आकार आणि विद्युतभार दोन्ही कामाला येतात. आरओला तर म्हणावी तशी भोकं नसतातच. पॉलिअमाइड नावाच्या प्लॅस्टिकचा थर, जाडी १००-२०० नॅनोमीटर वगैरे, त्यात पाण्याचे रेणू शिरतात, सरकत सरकत पलीकडे निघतात आणि आयनला ते जमत नाही कारण त्याला आपलं पाण्याचं वेष्टण सोडावं लागतं. चांगल्या अवस्थेतला आरओ शिसं ९५ टक्क्यांच्या वर अडवतो. चांगल्या अवस्थेतला, हे महत्त्वाचं, कारण ओ-रिंग (जोडातलं रबरी कडं) ढिली झाली की सगळं गणित बोंबललं.

प्रश्न : आरओ लावल्यावर टीडीएस (पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार) ४०० वरून ४० वर आला. म्हणजे आर्सेनिक पण गेलं ना?

टीडीएस मीटरला आर्सेनिक विचारू नका, त्याला ते कळतच नाही. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून लिटरला किती मिलिग्रॅम क्षार असतील त्याचा अंदाज दाखवतो. जागतिक आरोग्य संघटनेची आर्सेनिकची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे ०.०१ मिलिग्रॅम. मीटर १ मिलिग्रॅमहून लहान फरक दाखवतच नाही, तर मर्यादेच्या पाचपट आर्सेनिक असलं तरी काटा हलणार नाही.

आणि आर्सेनिकचं दुसरं एक लफडं आहे. (काटेकोर बोलायचं तर ते धातू नाही, उपधातू, पण सगळे जड धातूंच्या यादीतच टाकतात.) भूजलात ऑक्सिजन नसला की ते बरंचसं आर्सेनिक-३ च्या रूपात असतं, आणि साध्या पीएचला त्यावर भारच नसतो, त्यामुळे मेम्ब्रेनला ते ढकलून लावता येत नाही आणि आरओमधूनसुद्धा बऱ्यापैकी निसटतं. आर्सेनिक-५ वर ऋण भार असतो, ते छान अडतं. म्हणून आधी ३ चं ५ करून घ्यायचं. नुसती हवा खेळवून ते फार सावकाश होतं, क्लोरीनने पटकन होतं. पण क्लोरीन पॉलिअमाइडचा शत्रू, थर कुरतडून टाकतो! म्हणून आधी क्लोरीन, मग ते क्लोरीन काढून टाकणारा कार्बन फिल्टर, मग आरओ, हा क्रम उलटा झाला तर मेम्ब्रेन गेला म्हणून समजा. आणि खात्री करायची तर आरओच्या आधीचं आणि नंतरचं, दोन्ही पाणी लॅबला द्या.

प्रश्न : पाणी उकळून घेतलं तर?

नाही. वाफ जाते, धातू भांड्यातच राहतो, उलट थोडा घट्ट होतो. यूव्हीचंही (अतिनील किरणांच्या दिव्याचंही) तेच, जंतू मरतात, शिसं जागच्या जागी.

प्रश्न : आरओ जे पाणी टाकून देतो त्यात हे सगळं जातं का? झाडांना घातलं तर चालेल?

जातं, मेम्ब्रेन काही नष्ट करत नाही, फक्त वेगळं करतो. १०० लिटरमधून २५ लिटर शुद्ध काढलं तर उरलेल्या ७५ मध्ये धातू साधारण १.३ पट होतो. फरशी पुसा, संडासात वापरा. पण मूळ पाण्यातच शिसं, कॅडमियम असेल तर भाजीपाल्याला नको, वर्षानुवर्षं मातीत साठत जातं. कारखान्यात उलटं असतं, तिथे १०० मधून ७५ काढतात आणि उरलेल्या २५ मध्ये धातू चौपट होतो. त्यात चुना टाकून पीएच वाढवतात, बहुतेक धातू हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतात आणि तो गाळ घातक कचरा म्हणून वेगळा ठेवावा लागतो. मेम्ब्रेनच्या जाहिरातीत हा गाळ कधी दिसत नाही.

प्रश्न : इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टसाठी नवीन मेम्ब्रेन घ्यायचाय. काय घेऊ?

घाई नको. सोपं आणि शिकण्यासारखं म्हणजे यूएफलाच साबणासारख्या रसायनाची जोड. सोडियम डोडेसिल सल्फेट लिटरला ८ मिलिमोलच्या वर गेलं की रेणूंचे गोळे बनतात, ऋण भाराचे, त्यांना शिसं चिकटतं आणि एवढा गोळा बारीक भोकांच्या यूएफमधून जात नाही. मात्र गोळा ४-५ नॅनोमीटरचाच असतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नातला १० नॅनोमीटरचा यूएफ इथे पुरत नाही, त्याहून बारीक भोकांचा घ्या. अडचण अशी की थोडं सुटं रसायन पलीकडे जातंच, ते मोजा आणि रिपोर्टमध्ये लिहा.

शोषून घेणारेही आहेत, २०१६ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात बोलिसेट्टी आणि मेझेंगा यांनी दुधातल्या प्रथिनाचे तंतू आणि कार्बन मिळून असा मेम्ब्रेन केला होता. पण शोषणारा कुठलाही मेम्ब्रेन कधीतरी भरतो, मग धुवायचा कशाने आणि ते धुतलेलं पाणी कुठे टाकायचं ते आधी ठरवा. आणि टेस्ट डिस्टिल्ड वॉटरमध्ये एकच धातू टाकून करू नका, सगळ्यांचे आकडे तिथे सुंदर येतात. खऱ्या पाण्यात कॅल्शियम शिशाच्या हजारो पट असतं आणि जागा तोच अडवून बसतो, तेव्हा त्या पाण्यात करून बघा.