मोल्सवर्थ म्हणजे खेचरवाडीकर

प्रश्न असा आला आहे: “मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आपण रोज वापरतो, पण ‘मोल्सवर्थ’ या आडनावाचा अर्थ काय? आमचे एक शिक्षक सांगायचे की मराठीत ‘मोल’ म्हणजे किंमत आणि इंग्रजीत ‘वर्थ’ म्हणजेही किंमत, तेव्हा हा माणूस दोन्हीकडून मोलाचा. हे खरं आहे का? आणि ब्रिटनमध्ये हे आडनाव सर्रास आढळतं का?”

कोटी झकास आहे. वर्गात ऐकली असती तर मीही वहीत लिहून घेतली असती. पण व्युत्पत्ती म्हणून ती पहिल्याच पायरीवर घसरते. आपलं ‘मोल’ संस्कृत ‘मूल्य’वरून आलं, इंग्लंडमधल्या खेडुतांनी आपल्या वस्तीचं नाव ठेवताना ते वापरलं असण्याचा प्रश्नच नाही. इंग्रजी बाजूनं बघणारे वेगळ्या तऱ्हेनं फसतात. जमिनीखाली बोगदे खणणारा मोल नावाचा प्राणी त्यांना पहिल्या अर्ध्यात दिसतो. तोही इथे नाही. आणि ‘वर्थ’चा किंमतीशी संबंध नाही.

हे आडनाव गावावरून पडलं आहे. मोल्सवर्थ नावाचं एक लहानसं खेडं इंग्लंडच्या पूर्व भागात, हंटिंग्डनच्या पश्चिमेला आहे. पूर्वी ते हंटिंग्डनशर परगण्यात होतं. १९७४ साली तो परगणा केंब्रिजशरमध्ये गेला. इंग्लंड जिंकणारा नॉर्मन राजा विल्यम द कॉंकरर यानं १०८६ साली महसुलासाठी जी प्रचंड नोंदवही करून घेतली, त्या डूम्सडे बुकात हे गाव ‘मोलेसवोर्दे’ असं नोंदलेलं आहे. तिथून मागे जुन्या इंग्रजीत गेलं की नाव सरळ तीन तुकड्यांत सुटतं: मूल, एस, वर्थ. ‘मूल’ हे माणसाचं नाव. ‘एस’ हा षष्ठीचा प्रत्यय, आपल्या चा-ची-चे सारखा. आणि ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घातलेली जागा, घर-शेतासकटची वस्ती. म्हणजे मूलची वाडी.

‘मूल’चा ‘मोल’ कसा झाला? या भागातल्या जुन्या नावांत ‘उ’च्या जागी ‘ओ’ लिहिलेला नॉर्मन कारकुनांच्या हातून बऱ्याचदा आढळतो. बकिंगहॅमशरमधलं मूल्सो आणि एसेक्समधलं मूल्शम ही गावंही कुणा ना कुणा मूलच्याच नावाची आहेत, आणि डूम्सडे बुकात तीही ‘मोले...’ अशीच सुरू होतात. मोल्सवर्थचा तो ‘ओ’ कायमचा चिकटला, एवढंच.

आता या मूलकडे वळू, कारण गंमत इथे आहे. जुन्या इंग्रजीत ‘मूल’ म्हणजे खेचर. शब्द लॅटिन ‘मूलुस’वरून आलेला. माणसाला खेचर म्हणायचं म्हणजे टोपणनावच, पण ते नाव म्हणून खुद्द राजघराण्यातही चालत होतं. वेसेक्स या जुन्या इंग्रजी राज्याचा राजा कॅडवॉला याच्या भावाचं नाव मूल. कॅडवॉलानं केंटचं राज्य जिंकलं आणि तिथे या भावाला राजा म्हणून बसवलं. ६८७ साली केंटच्या लोकांनी त्याला बारा साथीदारांसह जाळून मारलं, आणि त्याबद्दल त्यांना पुढे ६९४ साली वेसेक्सच्या पुढच्या राजाला, ईनला, जबर भरपाई मोजावी लागली. खेचर हे दोन जातींच्या संकरातून होतं, तेव्हा या मूलची आई ब्रिटन (म्हणजे इंग्रजांच्या आधीपासून तिथे राहणाऱ्या लोकांच्या) वंशाची असावी आणि नाव त्यावरून पडलं असावं, असा तर्क काही अभ्यासक करतात. आपल्या खेड्याचा मूल हा नव्हे. तो कुणीतरी साधा जमीनमालक असणार. पण नाव तेच.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर आठवा. ‘खेचर’चा संस्कृत अर्थ आकाशात संचार करणारा, आणि योगी माणसाला तो शोभूनही दिसतो. पण दुसरी आख्यायिका अशी की विसोबा सुरुवातीला ज्ञानेश्वर-मुक्ताबाईंना मानायला तयार नव्हते, म्हणून त्यांना ‘खेचर’ म्हटलं गेलं आणि ते नाव त्यांनी मिरवलं. हेकटपणासाठी खेचर, वर्णसंकरासाठी खेचर, नाहीतर नुसतं ओझं वाहायच्या ताकदीसाठी खेचर: हंटिंग्डनशरच्या मूलला ते कशावरून चिकटलं कोण जाणे. शेजारी सुमारे आठ किलोमीटरवर बकवर्थ नावाचं गाव आहे. तेही एका माणसाच्या नावावरून, आणि ते नाव ‘बक्’ म्हणजे बोकड किंवा काळवीट या शब्दाशी जुळतं. त्या पंचक्रोशीत माणसांना जनावरांची नावं द्यायची हौस होती म्हणायची.

‘वर्थ’वर थोडं थांबायला हवं, कारण तुमच्या शिक्षकांची चूक इथली आहे आणि ती अगदी स्वाभाविक आहे. जुन्या इंग्रजीत दोन वेगळे शब्द होते. एक ‘वेऑर्थ’, म्हणजे किंमत किंवा योग्यता. दुसरा ‘वोर्थ’, म्हणजे कुंपण, वस्ती. काळाच्या ओघात दोघांचं स्पेलिंग एकच झालं आणि दुसरा शब्द बोलीतून जवळपास नाहीसा होऊन फक्त गावांच्या नावांत उरला. टॅमवर्थ, केनिलवर्थ, पॅपवर्थ या सगळ्या गावांत तोच आहे, आणि बटरवर्थ, एन्सवर्थ अशा आडनावांतही तोच. किंमतीचा यांपैकी कुणाशीच संबंध नाही.

आपल्याकडे नेमकं असंच ‘वाट’ या शब्दाचं झालं आहे. मराठीत वाट म्हणजे रस्ता, तो संस्कृत ‘वर्त्मन्’वरून प्राकृत ‘वट्ट’ होऊन आला. पण संस्कृतात ‘वाट’ असा निराळा शब्दही आहे, आणि त्याचा अर्थ कुंपण, कुंपणातली जागा. तो मराठीत ‘वाट’ राहिला नाही. दोन स्वरांमधला एकटा ‘ट’ मराठीत येताना ‘ड’ होतो (वटचा वड, घटचा घडा), तसा वाटचा वाड झाला, आणि त्यातून वाडा आणि वाडी. नुसतं लिखित रूप बघून कुणी ‘वाडी’ला रस्त्याशी जोडलं तर ती चूक ‘वर्थ’ला किंमतीशी जोडण्याइतकीच.

म्हणून मी वर ‘मूलची वाडी’ म्हटलं ते सोयीसाठी नव्हे. ‘वर्थ’ला मराठीत ‘वाडी’इतका चपखल शब्द दुसरा नाही. हे दोन शब्द एका मुळाचे आहेत असा माझा दावा नाही, ध्वनी थोडेफार जुळत असले तरी. जुळतो तो अर्थाचा प्रवास. आधी कुंपण, मग कुंपणातली शेतजमीन, मग त्या जमिनीवर राहणारी चार घरं, आणि शेवटी गावाचं नाव. माझ्याकडे कोशाची १९७५ सालची पुण्याची पुनर्मुद्रित प्रत आहे, पाठीचं कापड सुटलेली. त्यात ‘वाडी’ उघडून बघा. पहिला अर्थ कुंपण घातलेलं शेत किंवा बाग, दुसरा शेतकऱ्यांच्या झोपड्यांचा पुंजका. शब्दापुढे कंसात संस्कृत मूळही दिलेलं आहे. जुन्या इंग्रजीच्या कोशात ‘वोर्थ’पुढे याहून वेगळं काही सापडणार नाही. आपल्या आडनावाचा उत्तरार्ध आपण मराठीत समजावून देतो आहोत हे लिहिताना त्या गृहस्थांच्या मनात आलं होतं का, मला फार विचारावंसं वाटतं.

तेव्हा अर्थ झाला खेचरवाडी. आणि आडनाव? खेचरवाडीकर. इंग्रजीत आपल्या ‘कर’सारखा प्रत्यय नाही. नॉर्मन काळात नावाआधी फ्रेंच ‘द’ लावत: वॉल्टर द मोल्सवर्थ. पुढे तो ‘द’ गळाला आणि नुसतं गावाचं नाव आडनाव होऊन बसलं. हा वॉल्टर तेराव्या शतकातला, आणि राजपुत्र एडवर्डबरोबर धर्मयुद्धाला गेलेला, असं मोल्सवर्थ घराण्याची वंशावळ सांगते.

आता दुसरा प्रश्न: सर्रास आढळतं का? नाही. दुर्मीळ आहे, आणि त्याचं कारण याच व्युत्पत्तीत आहे. न्यूटन, सटन अशी आडनावं उदंड, कारण ‘नवं गाव’ आणि ‘दक्षिणेचं गाव’ या नावांची गावंच इंग्लंडभर पसरलेली. आपल्याकडे पिंपळगावकर एका ठिकाणचे नसतात, तसं. मूलची वाडी मात्र या रूपात एकच, आणि तीही चिमुकली. चेशरमध्ये मोल्ड्सवर्थ नावाचं गाव आहे, त्यानं गोंधळू नका. त्यातला पहिला भाग ‘टेकडी’ अशा अर्थाचा आहे, मूलशी त्याचं नातं नाही.

शिवाय गावावरून पडणारं आडनाव बहुतेकदा गाव सोडल्यावरच पडतं. साताऱ्यात राहणाऱ्याला सातारकर कोण म्हणणार? (जमिनीच्या मालकाची गोष्ट वेगळी. निंबळक गावावरून पवारांचे निंबाळकर झाले, तसं.) म्हणून मोल्सवर्थ मंडळींचा माग काढायचा तर त्या खेड्यात बसून उपयोग नाही. खुद्द खेड्याचं नाव आता लोकांना माहीत आहे ते तिथल्या लष्करी तळामुळे. दुसऱ्या महायुद्धात तिथून अमेरिकन बॉम्बफेकी विमानं उडत, आणि १९८०च्या दशकात क्रूझ क्षेपणास्त्रांविरुद्ध आंदोलकांनी तिथे तळ ठोकला होता.

घराण्याच्या दोन फांद्या ठळक. एक पार नैर्ऋत्येच्या टोकाला, कॉर्नवॉलमध्ये. पहिल्या एलिझाबेथच्या काळात एक जॉन मोल्सवर्थ तिथल्या डचीचा, म्हणजे ड्यूकच्या जहागिरीचा, हिशेबनीस म्हणून गेला आणि घराणं पेंकॅरो इथे स्थिरावलं. कॉर्नवॉलच्या अस्सल नावांची खूण म्हणजे ट्रे, पोल आणि पेन ही सुरुवात. त्यांत मोल्सवर्थ म्हणजे पाटणकर-चिपळूणकरांच्या गर्दीत एखादा सिंग. पण रुजले पक्के. वेडब्रिज गावात मुख्य पेठेचं नाव मोल्सवर्थ स्ट्रीट आहे आणि जुन्या खाणावळीचं मोल्सवर्थ आर्म्स. १६८९ साली बॅरोनेट (‘सर’ लावायची वंशपरंपरागत पदवी) झालेला हेंडर मोल्सवर्थ हा जमैकाचा गव्हर्नर. त्याआधी तो गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा तिथला हस्तक होता, हेही सांगायला हवं. आठवा बॅरोनेट सर विल्यम (१८१०–१८५५) यानं तत्त्वज्ञ हॉब्जचं समग्र लेखन छापून घेतलं, आणि अखेरचे काही महिने तो ब्रिटनचा वसाहतमंत्री होता. शब्दवेड्यांनी त्याला आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावं. चिलीहून आणलेलं एक काटेरी झाड त्याच्या पेंकॅरोच्या बागेत लावलं होतं. ते बघून एक पाहुणा म्हणाला, यावर चढायचं म्हणजे माकडालासुद्धा कोडंच पडेल. इंग्रजीतलं ‘मंकी पझल’ हे नाव तिथून निघालं असं सांगतात.

दुसरी फांदी आयर्लंडमधली. डब्लिनला जन्मलेला रॉबर्ट मोल्सवर्थ (१६५६–१७२५) डेन्मार्कमध्ये इंग्लंडचा राजदूत होता. तिथल्या अनियंत्रित राजसत्तेवर त्यानं १६९४ साली टीका करणारं पुस्तक लिहिलं ते गाजलं, आणि १७१६ साली त्याला व्हायकाउंट हा सरदारकीचा किताब मिळाला. डब्लिनचा मोल्सवर्थ स्ट्रीट या शाखेचा. तो थेट आयरिश संसदेच्या दारासमोर येऊन थांबतो. आणि योगायोग बघा, न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्येही एक मोल्सवर्थ स्ट्रीट आहे, कॉर्नवॉलच्या सर विल्यमच्या नावाचा, आणि तिथल्या संसदेचा पत्ताही तोच. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया आणि टास्मानिया या दोन्ही राज्यांत मोल्सवर्थ नावाची गावं आहेत. माणसं मूठभर आणि नकाशावर नाव मात्र जगभर, असं हे आडनाव आहे.

भारतात ते दोन पुस्तकांवर आलं. एक आपल्याला ठाऊक आहेच. जेम्स थॉमस मोल्सवर्थ (१७९५–१८७१) सोळाव्या वर्षी मुंबई सैन्यात आला, मराठी शिकला, आणि जॉर्ज व थॉमस कँडी हे बंधू आणि मराठी पंडित यांना बरोबर घेऊन त्यानं १८३१ साली कोश काढला, तो वाढवून १८५७ साली पुन्हा. दुसरा मोल्सवर्थ म्हणजे गिलफोर्ड लिंडसे (१८२८–१९२५), लँकेशरमधल्या रॉचडेलच्या पाद्रीबाबांचा मुलगा. हा रेल्वेचा इंजिनियर. आधी सिलोनमध्ये, मग हिंदुस्थान सरकारचा सल्लागार. अभियांत्रिकीच्या सूत्रांची त्याची खिशात मावणारी पुस्तिका कित्येक पिढ्यांनी वापरली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात कुणी “जरा मोल्सवर्थ द्या” म्हटलं असतं तर समोरच्याला विचारावं लागलं असतं, शब्दांचा की पुलांचा?

राहता राहिला उच्चार. इंग्रज माणूस मधला ‘स’ ‘झ’सारखा म्हणतो आणि शेवटचा ‘र’ गिळून टाकतो, म्हणजे साधारण ‘मोल्झवथ’. आपण स्पेलिंगवरून ‘मोल्सवर्थ’ केलं आणि ते पक्कं झालं. बदलू नका. जुन्या पुस्तकांच्या दुकानात ‘मोल्झवथ’ मागाल तर दुकानदार म्हणेल, तसलं काही आपल्याकडे नाही.