नाशिकहून ऑडिशन पाठवताना

लगेच मुंबईत खोली घेऊ नकोस. मालिका-सिनेमातल्या कामासाठीची पहिली चाळणी हल्ली मोबाईलवरच्या व्हिडिओवरच होते, ती नाशिकरोडला घरी बसूनही पार करता येते.

फोन आडवा, स्टँडवर, लेन्स डोळ्यांच्या उंचीला. मागे कोरी भिंत, उजेड समोरून. खिडकीकडे पाठ केलीस तर चेहरा काळा पडतो. पंखा बंद, नाहीतर संवादाखाली घरघर येते. आधी नाव, वय, उंची, गाव. मग चेहऱ्याचे दोन्ही बाजूंचे प्रोफाइल. मग छातीपर्यंतच्या फ्रेममध्ये प्रसंग. समोरचे संवाद वाचणाऱ्याला लेन्सच्या अगदी शेजारी उभं कर, पण हळू वाचायला सांग. तो माइकजवळ असतो, त्याचाच आवाज वरचढ होतो.

नाटकातून येणाऱ्यांची चूक ठरलेली: कालिदास नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेला पोचेल असा आवाज लावतात, भुवया नाचवतात. क्लोजअपमध्ये ते भडक दिसतं. तरी नाटक सोडू नकोस. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमीत पाठांतर आणि दमसास पक्का होतो, तो कुठल्याच पंधरा दिवसांच्या शिबिरात होत नाही.

ऑडिशनचे किंवा ‘आर्टिस्ट कार्डा’चे पैसे कुणी मागितले तर फोन ठेवून दे. खरं बोलावणं आलं तर सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकड, आणि पिशवीत एकरंगी कपड्यांचा जोड ठेव. बारीक चौकडी कॅमेऱ्यात लखलखते.