दाखल्याचा अर्ज तुम्ही लिहू नका

कराडहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा साडेचार वर्षांचा, एका खासगी शाळेच्या ज्युनिअर केजीत. फेब्रुवारीत पुण्याच्या डॉक्टरांनी ऑटिझमचं निदान लेखी दिलं. जूनमध्ये शाळेनं हमीपत्रावर सही घेतली : ‘पाल्य वर्गाशी जुळवून घेऊ न शकल्यास शाळा सांगेल तेव्हा दाखला काढून नेईन.’ आता मुख्याध्यापिका तोंडी सांगतात की महिना अठरा हजार मोजून स्वतःची शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त त्याच्यासोबत बसणारी शिक्षिका, आणा, नाहीतर दिवाळीच्या सुट्टीआधी दाखल्याचा अर्ज द्या. ‘स्पेशल शाळेत त्याचंच भलं होईल.’ ताई विचारतात, शाळा असं काढू शकते का, आणि हायकोर्टात जावं का?

अशी पत्रं दर दिवाळीला आणि दर मार्चला येतात. निदान बदलतं, कुठे डाउन सिंड्रोम, कुठे सेरेब्रल पाल्सी, कुठे कानाला मशीन. शाळेचं वाक्य मात्र तेच असतं : ‘तुम्हीच अर्ज द्या.’ त्यामुळे दिव्यांग मूल बाकीच्या मुलांबरोबर शिकावं की नाही, या चर्चेत मी शिरत नाही. तो प्रश्न संसदेनं 2016 मध्ये दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा करून निकालात काढलाय.

ताई, शाळेनं अजून तुमच्या मुलाला काढलेलं नाही. काढायचं काम ती तुमच्याकडून करून घेऊ बघतेय. या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तुमचं सगळं प्रकरण त्यावरच उभं आहे. शाळेनं नाव कमी केलं तर तो भेदभाव आहे की नाही हे तपासता येतं. तुम्ही ‘घरगुती कारणास्तव दाखला मिळावा’ असं लिहून खाली सही केलीत, तर तपासायला काही उरतच नाही. मागे एक वडील माझ्याकडे आले होते. मुलीला शाळेतून घालवलं म्हणून डोळ्यांत पाणी, आणि हातातल्या कागदावर त्यांच्याच अक्षरात ‘पालकांच्या विनंतीवरून’. मजकूर शाळेच्या क्लार्कनं सांगितला होता, यांनी तो लिहून घेतला होता. त्या कागदापुढे मला काहीही करता आलं नाही.

शाळेला तोंडीच का बोलायचंय, तेही समजून घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 3 चं पोटकलम 3 म्हणतं की दिव्यांगत्वाच्या कारणावरून कुणाशीही भेदभाव करता येणार नाही. केला असेल तर तो एखादं रास्त उद्दिष्ट साधण्यासाठी प्रमाणात राहून केला, हे दाखवावं लागेल. ते दाखवायचं शाळेनं, तुम्ही नव्हे. आणि ‘भेदभाव’ या शब्दाच्या व्याख्येतच वाजवी सोय नाकारणंही येतं. ‘आमच्याकडे सोय नाही’ हे वाक्य मुख्याध्यापिका केबिनमध्ये दहा वेळा बोलतील. लेटरहेडवर एकदाही लिहिणार नाहीत.

ते लिहून घ्यायचा रस्ता याच कायद्याखालच्या 2017 च्या केंद्रीय नियमांत आहे, नियम 3. वीस किंवा जास्त माणसं नोकरीला असलेल्या खासगी संस्थेच्या प्रमुखाकडे भेदभावाची तक्रार गेली, तर त्यानं एकतर कायद्याप्रमाणे कारवाई करायची, नाहीतर आपलं वागणं प्रमाणात आणि रास्त कसं आहे ते तक्रारदाराला लेखी कळवायचं. तिसरा पर्याय नियमात नाही. केजी ते दहावी चालवणाऱ्या शाळेत शिपाई, बसवाले, मावश्या धरून वीस माणसं सहज भरतात. याच नियमाचं चौथं पोटकलम तर तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे : वाजवी सोयीचा खर्च, थोडा असो वा सगळा, दिव्यांग व्यक्तीला सोसायला कोणतीही संस्था भाग पाडणार नाही. अठरा हजारांचं उत्तर इथे आहे.

पण ते पूर्ण उत्तर आहे असं मी म्हणणार नाही. ‘वाजवी सोय’ची व्याख्या संस्थेवर अवाजवी बोजा पडू नये असंही सांगते. एका मुलामागे दिवसभर एक स्वतंत्र शिक्षिका ही सोय की बोजा, यावर शाळेचा वकील तासभर बोलेल, आणि तो अगदीच चुकीचं बोलेल असंही नाही. म्हणून शॅडो टीचरच्या भांडणात आधी पडूच नका. मला स्वतःला ती कल्पना या वयाला फारशी रुचतही नाही. बऱ्याच ठिकाणी ती बाई मुलाला घेऊन मागच्या कोपऱ्यात बसते आणि वर्गातच एका मुलाचा वेगळा वर्ग सुरू होतो.

आधी लहान गोष्टी मागा. तुमच्याच पत्रात एक ओळ आहे, तुम्ही ती सहज लिहिलीत : प्रार्थनेला स्पीकर लागला की तो कानांवर हात ठेवून बाकाखाली जातो, आणि शेजारचा मुलगा त्याचा बेल्ट धरून त्याला बाहेर काढतो. ताई, बारा पानी रिपोर्टपेक्षा ही ओळ माझ्या जास्त कामाची आहे. मुलगा वर्गात कुणाचं तरी ऐकतो, हे त्यातून दिसतं. आणि अडचण नेमकी कुठे आहे तेही दिसतं. त्याला प्रार्थनेनंतर दहा मिनिटांनी वर्गात घ्या. स्पीकरपासून लांब, त्याच मित्राशेजारी बसवा. पुढे काय होणार ते चित्राच्या कार्डावर दाखवा. थेरपिस्टला महिन्यातून एकदा वर्ग बघू द्या. या चारांपैकी कशालाही अठरा हजार लागत नाहीत. हे नाकारलं तर ‘अवाजवी बोजा’ म्हणायला शाळेला तोंड राहणार नाही.

पत्र साधं लिहा. वकिली भाषा नको, धमकी तर नकोच :

‘माझा मुलगा आपल्या शाळेत ज्युनिअर केजीत शिकत आहे. त्याला ऑटिझम असल्याचा वैद्यकीय अहवाल सोबत जोडला आहे. दि. … रोजी आपण त्याचा दाखला काढून नेण्यास तोंडी सांगितलेत. मी तसा अर्ज देत नाही व देणार नाही. त्याच्यासाठी पुढील सोयी कराव्यात ही विनंती : … या सोयी करणे शक्य नसल्यास, दिव्यांग व्यक्ती हक्क नियम 2017 मधील नियम 3 नुसार कारणे लेखी कळवावीत.’

आता हमीपत्र. कायद्यानं दिलेला हक्क सोडून देतो असं लिहून घेतलेलं हमीपत्र करार कायद्याच्या कलम 23 पुढे टिकू नये, असं माझं मत आहे. ‘टिकणार नाही’ असं मी छातीठोकपणे सांगत नाही, कारण खाली तुमची सही आहे आणि सही करताना निदानाचा कागद तुमच्या पर्समध्ये होता. तुम्ही लिहिता, ‘त्या दिवशी गर्दी होती, वाचलं नाही.’ प्रेशर कुकरचं वॉरंटी कार्ड आपण दोनदा वाचतो. असो. त्याची प्रतही तुमच्याकडे नाही म्हणता. ती याच पत्रात मागा.

शिक्षण हक्क कायद्याचं, म्हणजे आरटीईचं, तुम्ही तीनदा नाव घेतलंय. त्याच्या कलम 16 मध्ये शाळेतून काढायला बंदी आहे, हे खरं. पण त्या कायद्यातलं ‘बालक’ सहा ते चौदा वर्षांचं आहे. मुलाखती-चाचण्यांवरच्या बंदीचंही तसंच. नर्सरीच्या खुल्या जागांना ती लागू नाही, असं दिल्ली हायकोर्टानं 2013 मध्ये म्हटलं. तीन ते सहाच्या मुलांसाठी कलम 11 आहे, पण ते म्हणतं की सरकार व्यवस्था ‘करू शकेल’. दिव्यांग कायद्यातलं मोफत शिक्षणाचं कलम 31 सुद्धा सहा ते अठराचंच. सोबतच्या पोरांकडे बघून मूल सगळ्यात जास्त शिकतं ते वय दोन्ही कायद्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि वर ‘लवकर उपचार करा’ असे फलक लावले.

उरतं ते दिव्यांग कायद्याचं कलम 16. त्यात वयाची अट नाही. सरकारनं किंवा स्थानिक संस्थेनं अनुदान वा मान्यता दिलेल्या शाळांनी मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, खेळात-वर्गात सामावून घ्यावं, गरजेप्रमाणे सोय करावी, यासाठी शासन ‘प्रयत्न करील’. हा ‘प्रयत्न’ शब्द ज्यानं घातला त्याला मुलांपेक्षा तिजोरीची काळजी जास्त होती. आणि ‘मान्यता’ या शब्दावर शाळा पळवाट काढू शकते : मान्यता पहिलीपासून आहे, केजी आमचं आपलं वेगळं चालतं. म्हणून आज फीची पावती काढून बघा. वर शाळेचंच नाव आहे का, 27 नं सुरू होणारा अकरा आकडी युडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी नोंदणी क्रमांक, आहे का, केजीचा गणवेश, बस, गेट एकच आहे का. एकच असेल तर ही पळवाट मला कच्ची वाटते. गल्लीतल्या बंगल्यात चालणारा, कुणाचीच मान्यता नसलेला प्लेग्रुप असता तर मी इतक्या विश्वासानं लिहिलं नसतं. शाळा अल्पसंख्याक असेल तर आरटीई विसराच, सुप्रीम कोर्टाच्या 2014 च्या प्रमती निकालानं ती दारं बंद केली. दिव्यांग कायद्यात मात्र तशी सूट लिहिलेली नाही.

आणि आता रागावण्याचा भाग. निदान फेब्रुवारीतलं, दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज अजून नाही, कारण सासूबाई म्हणाल्या ‘शिक्का बसेल’. शिक्का शाळेनं केव्हाच मारलाय ताई, फक्त त्याचा फायदा तुम्हाला मिळत नाहीये. भेदभावाच्या तक्रारीला 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागत नाही, हे खरं. कायद्यातल्या दिव्यांग व्यक्तीच्या मूळ व्याख्येत टक्केवारी नाही, आणि वाजवी सोयीसाठी 40 टक्क्यांची अट घालता येणार नाही असं सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमारच्या निकालात सांगितलंय. त्यामुळे ‘आधी सर्टिफिकेट आणा’ असं शाळा म्हणाली तर तिला ते म्हणू द्या आणि पत्र द्या.

पण पहिलीसाठी खासगी शाळांतल्या आरटीईच्या 25 टक्के राखीव जागांत अर्ज करायचा तर 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतंच, आणि तेही अर्जाच्या मुदतीच्या आतल्या तारखेचं. दिव्यांग मूल वंचित गटात येतं, उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. मुदत कधी जानेवारीत येते, कधी एप्रिलमध्ये. 2024 साली तर सरकारनं या जागांचा नियमच फिरवला, जुलैत हायकोर्टानं तो रद्द केला आणि तोवर हजारो आईबाप जूनभर मुलांना घरी बसवून होते. या गोंधळात फक्त तुमचं प्रमाणपत्र तुमच्या हातात असतं. दिव्यांग प्रमाणपत्रासाठीच्या सरकारी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज आजच भरा आणि साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात तपासणीचं मेडिकल बोर्ड कोणत्या वारी बसतं ते फोन करून विचारा. प्रमाणपत्र द्यायची मुदत आधी एक महिन्याची होती, ऑक्टोबर 2024 च्या दुरुस्तीनं ती तीन महिन्यांची झाली. सरकारी तीन महिने किती लांबतात ते मी तुम्हाला सांगायला नको. इतक्या लहान वयात मिळणारं प्रमाणपत्र बहुधा तात्पुरतं असेल, पुन्हा तपासणी लागेल. तेवढ्यासाठी थांबू नका.

हायकोर्टाचं म्हणाल, तर आज नाही. पत्राला पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुण्याला दिव्यांगांच्या राज्य आयुक्तांकडे तक्रार पाठवा आणि प्रत जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांना द्या. वकील लागत नाही. नियमात निकालाला साठ दिवस आहेत, अपवादात्मक प्रकरणात तीस. तुमचं प्रकरण अपवादात्मक का आहे हे पहिल्याच परिच्छेदात लिहा. पण आयुक्त शिफारस करतात, आणि त्यांना अंतरिम स्थगिती देता येत नाही असं सुप्रीम कोर्टानं 2010 मध्ये, जुन्या कायद्याखाली का होईना, सांगून ठेवलंय. तेव्हा एखाद्या सकाळी गेटवर मुलाला अडवलं किंवा हजेरीतून नाव उडवलं, तर त्याच आठवड्यात हायकोर्ट. 18 ऑगस्ट 2025 पासून सातारा जिल्ह्यासाठी हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालंय, मुंबईची रात्रीची बस धरायला नको. खासगी शाळेविरुद्धची रिट न्यायमूर्ती ऐकतील का, अंतरिम आदेश देतील का, हे त्या दिवसावर आणि तुमच्या कागदांवर ठरेल. दिव्यांग कायद्यातल्या दंडाच्या कलमाचा धाक शाळेला घालू नका. पहिल्या खेपेला तो फार तर दहा हजार आहे, शाळा तो एका स्नेहसंमेलनाच्या मांडवातून काढेल.

दरम्यान मुलाला रोज शाळेत पाठवा. एकही दिवस ‘वातावरण निवळेपर्यंत’ घरी ठेवू नका, सलग गैरहजेरी हाही नाव काढायचा एक मार्ग असतो. फी वेळेवर भरा आणि पावती जपा. मुख्याध्यापिका परत बोलावतील तेव्हा दोघं नवराबायको जा, आणि घरी आल्यावर त्याच संध्याकाळी ‘आज आपण असं म्हणालात’ एवढा ईमेल शाळेला टाका.

पत्राच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का, तारीख घ्या. क्लार्क शिक्का मारायला तयार नसेल तर वाद न घालता सरळ पोस्टात जा आणि पोचपावतीसह पाठवा. आणि त्यानं टेबलावर दाखल्याच्या अर्जाचा छापील नमुना सरकवला, तर तो घडी घालून पर्समध्ये टाका, कोरा. तो मला बघायला आवडेल.